वंशावळ, खळे आणि हाडोळा

शेतकरी घराण्यांचे इतिहास अनेक लिहिले गेले आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. मूळ पुरुष कोठून आला, कोणत्या वतनाची सनद मिळाली, वाडा कोणी बांधला, भाऊ कधी वेगळे झाले. मग वंशावळ, आणि तिच्यात बहुधा फक्त पुरुष. हा साचा लिहित्या जातींच्या कुलवृत्तांतांतून उचललेला आहे. कष्टकरी कुणब्याचे घर त्यात बसवले की सनद आत येते आणि नांगर बाहेर राहतो. या लेखनाविषयी माझी पहिली तक्रार ही आहे.

एकोणिसाव्या शतकात दख्खनमधले शेतकरी घर कशावर उभे होते? १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी पाहणी-जमाबंदी लागू झाली. शेतागणिक सारा ठरला, शेत खातेदाराच्या नावावर चढले, आणि नावावर चढलेले शेत सावकाराकडे गहाण पडू लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, युद्ध संपताच उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. म्हणजे त्या काळातल्या सामान्य शेतकरी घराचा खरा दस्तऐवज सनद नसून कर्जखत आहे. परंतु घराण्याचा इतिहास लिहिणारा वंशज ते खत झाकून ठेवतो. त्याला अब्रूची काळजी असते. अब्रू सांभाळून लिहिलेला इतिहास हा इतिहास नव्हे, ते लग्नपत्रिकेचे गद्य होय.

या साच्याला खरा पर्याय जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच दिला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ कोणी घराण्याचा इतिहास म्हणून वाचत नाही. माझ्या मते तो तसाच वाचला पाहिजे. कलेक्टरच्या मुक्कामावरून निराश होऊन परतणारा, आंब्याच्या झाडांखाली बसून स्वतःशी बोलणारा तो शेतकरी आपल्या घराचाच इतिहास सांगत असतो. त्यात पराक्रमी मूळ पुरुष नाही. सारा आहे, कर्ज आहे, कचेरीतली लाच आहे. पुढे फुले त्याच्या घरात शिरतात आणि तिथली दैन्यावस्था वस्तूंनिशी दाखवतात. हा शेतकरी निनावी आहे, म्हणूनच तो हजारो घरांचा आहे. वंशावळीला जे साधत नाही ते या निनावी माणसाने साधले.

पण आपल्या पंक्तीतल्या वाचकाने इथेच थांबून चालणार नाही. असुडाच्या प्रस्तावनेत फुले शेतकऱ्यांचे भेद सांगतात : कुणबी, माळी आणि धनगर. मग गावकुसाबाहेर राहून हाडोळा कसणारा महार कोण? तो जमीन कसत होता, पाऊस त्यालाही फसवत होता, पण त्याला कोणी शेतकरी म्हटले नाही. त्याची जमीन ही गावकीच्या राबणुकीची किंमत होती. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातले दुसरे माणूस कामाला जुंपले जाई. अख्खे कुटुंबच वतनाला बांधलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

फुल्यांची व्याख्या अपुरी होती, पण त्यांचे आचरण तिच्या पुढे गेलेले होते. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कटगुणच्या गोऱ्हे कुळाची, फुलांच्या धंद्यावरून फुले झालेल्या घराची वंशावळ किती पिढ्या मागे जाते याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. घर म्हणजे कोण आणि परके म्हणजे कोण, हा प्रश्न त्या हौदावर सुटला. कुळाच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान ते आहे.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजोबांच्या मागचे नाव आमच्याकडे कुणाला सांगता येत नाही. जुन्या कागदात आम्ही ‘समस्त महार’ एवढेच आहोत. वर्गात घराण्याचा इतिहास हा विषय निघाला की पाटलाचा मुलगा सात पिढ्या मोजतो आणि आमचा मुलगा मान खाली घालतो. ही मान खाली जाण्याचे कारण नाही. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हाच आपला दस्तऐवज कोणता हे त्यांनी दाखवले. पाटलाच्या खळ्यावरचे धान्य मोजताना दारात उभ्या माणसाच्या पदरात किती पडले, हा त्या खळ्याच्याच हिशेबाचा भाग आहे.

म्हणून यापुढे शेतकरी घराण्याचा कोणताही इतिहास हाती आला की विद्यार्थ्यांनी त्याला साधे प्रश्न विचारावेत. कर्ज किती होते? बायकांची नावे कुठे आहेत? खळ्यावर बलुते मागायला कोण उभे होते, आणि पाणी कोणाला मिळत होते? उत्तर नसेल तर तो ग्रंथ कितीही जाड असो, अर्धाच लिहिला गेला आहे. उरलेला अर्धा आपल्याला लिहायचा आहे.