वैद्यकीय गोपनीयता आणि खबर देण्याची सक्ती : दोन कायद्यांची तौलनिक चिकित्सा

प्रस्तावना :
रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वैद्याने उघड करू नये, हा वैद्यकीय नीतीचा जुना दंडक आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी तो मान्य करताना न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका आणि अधिसूचित रोग हे अपवाद ठेवले. अपवाद असावेत याविषयी दुमत नाही. ते ठरविताना कायदा डॉक्टरांच्या विवेकाला किती वाव देतो, हा खरा प्रश्न आहे.

एचआयव्हीविषयक कायदा :
‘मि. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ (१९९८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियोजित वधूच्या जीविताच्या हक्काला रुग्णाच्या खासगीपणापेक्षा अधिक महत्त्व दिले. मात्र बाधितांच्या विवाहहक्काविषयी त्याच निकालात आलेली प्रतिकूल विधाने २००२ मध्ये न्यायालयानेच अनावश्यक ठरविली. या अनुभवानंतर आलेला २०१७ चा एचआयव्ही व एड्स अधिनियम अधिक संयत आहे. जोडीदारास माहिती देण्यापूर्वी संसर्गाचा लक्षणीय धोका दिसला पाहिजे, रुग्णाचे समुपदेशन झाले पाहिजे, तो स्वतः सांगणार नाही याची खात्री पटली पाहिजे आणि त्याला पूर्वकल्पना दिली पाहिजे. हिंसा वा परित्यागाची रास्त भीती असल्यास, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, माहिती देऊ नये असेही कायदा सांगतो. या कलमान्वये माहिती दिली वा न दिली, तरी डॉक्टर दोषी ठरत नाही.

पोक्सो कायदा :
२०१२ च्या पोक्सो कायद्यात अशा पायऱ्या नाहीत. कलम १९ अन्वये गुन्हा घडल्याची माहिती असल्यास किंवा तो घडण्याची भीती वाटल्यास पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अठरा वर्षांखालील संमती कायदा मानीत नाही. परिणामी, परस्परसंमतीच्या संबंधातून गर्भवती झालेली सतरा वर्षांची मुलगी रुग्णालयात आली, की तिच्यामागोमाग पोलीस चौकशीही येते. या भीतीने ती अप्रशिक्षित व्यक्तीकडे वळली, तर संरक्षणासाठी केलेला कायदाच तिच्या जिवावर बेततो.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात ही अडचण ओळखली. मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा दिलासा आवश्यक होता. तथापि तो अपुरा आहे. खरोखर शोषण झाले असेल, तर निनावी खबरीवरून पोलीस मुलीचे संरक्षण कसे करणार? शोषण करणारा घरातलाच असेल आणि विनंतीमागे त्याचाच दबाव असेल, तर गोपनीयता मुलीऐवजी त्याची ढाल ठरते. याउलट शोषण नसेल, तर खबरीचे प्रयोजनच उरत नाही. एकच नियम दोन्ही प्रसंगी अपुरा पडतो.

आक्षेप आणि निष्कर्ष :
डॉक्टरांना विवेकाधिकार दिल्यास प्रतिष्ठितांचे गुन्हे दडपले जातील, हा आक्षेप गंभीर आहे. त्यावर सरसकट सक्ती हे उत्तर नव्हे. बळजबरी, अवलंबित्व किंवा वयातील मोठे अंतर दिसल्यास खबर अनिवार्य असावी. अन्य प्रसंगी मुलीशी एकांतात बोलून डॉक्टरने निर्णयाची कारणे लेखी नोंदवावीत आणि ती बालकल्याण समितीला तपासता यावीत. एचआयव्हीबाबत कायद्याने डॉक्टरांवर जो विश्वास टाकला, तो अल्पवयीन मुलींच्या बाबतीत नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही. रुग्ण डॉक्टरपर्यंत निर्धास्तपणे पोहोचला, तरच त्याच्या संरक्षणाला आरंभ होतो.