हेरकथा आणि चित्रचौकट : गुपिताच्या दृश्यरूपाचा प्रश्न

लोकप्रिय वाङ्मयाच्या अभ्यासात ‘प्रभाव’ ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. कादंबरीतील हेराचा लांब कोट, कपाळावर ओढलेली टोपी, चोरखिसे आणि सूक्ष्मफिती ह्या गोष्टी विसाव्या शतकातील चित्रमालिकांत व व्यंगचित्रपटांत आढळल्या, की हेरकथेचा प्रभाव सिद्ध झाला असे मानून अभ्यासक पुढे जातात. ही नोंद चुकीची नसते. पण तिच्यातून एवढेच कळते, की वेशभूषा एका घरातून दुसऱ्या घरात गेली. हेरकथेचा घाट ज्या तत्त्वावर उभा आहे त्याचे चित्रमाध्यमात काय झाले, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

हेरकथेचे तत्त्व ज्ञानाच्या विषम वाटपाचे आहे. कोणाला काय ठाऊक आहे आणि ते कोणापासून दडविले आहे, ह्यावर तिचे कथानक चालते. आणि दडविणाऱ्यांत निवेदकही सामील असतो. ‘एक माणूस खोलीत शिरला’ एवढे लिहून कादंबरीकार त्या माणसाचा चेहरा, वय, पेहराव सारे राखून ठेवू शकतो. चित्रकाराला ही सवलत नाही. माणूस चौकटीत आला की त्याला नाक हवे, खांदे हवेत, उभे राहण्याची एक ढब हवी. कौटिल्याने हेरांना ‘गूढपुरुष’ म्हटले. गूढपुरुषाचे चित्र काढणे हा म्हटला तर वदतोव्याघातच आहे. चित्रमालिकांनी हेरकथेला दिलेले प्रतिसाद ह्या अडचणीतून निघालेले आहेत.

ही अडचण अगदी आरंभीच दिसते. 22 जानेवारी 1934 रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतून ‘सीक्रेट एजंट एक्स-9’ ही चित्रमालिका सुरू झाली. लेखन डॅशिएल हॅमेटचे, चित्रे अॅलेक्स रेमंडची. हॅमेटने आपल्या गद्य कथांत एक निनावी गुप्तहेर-निवेदक घडविला होता. नाव नसणे हीच त्याची ओळख होती. चित्रमालिकेच्या नायकालाही त्याने नाव दिले नाही, केवळ क्रमांक दिला. पण रेमंडच्या कुंचल्याने ह्या निनावी माणसाला ठसठशीत, देखणा, गर्दीत चटकन ओळखू येईल असा चेहरा दिला. शब्द लपवीत राहिले आणि रेषा उघड करीत राहिली. हॅमेट 1935 मध्ये मालिकेतून बाहेर पडला. पुढे 1940 च्या दशकात मेल ग्राफच्या काळात नायकाला फिल कॉरिगन हे रीतसर नाव मिळाले, तेव्हा चित्राने शब्दावर मिळविलेला विजय जणू नोंदणीकृत झाला. जेम्स बाँडच्या बाबतीतही असेच घडले. ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये 1958 साली बाँडची चित्रमालिका सुरू होताना इयान फ्लेमिंगने आपल्या कल्पनेतील चेहऱ्याचे एक रेखाचित्र काढवून घेतले होते, चित्रकार जॉन मॅक्लस्कीला ते जुनाट वाटले आणि त्याने अधिक राकट चेहरा काढला. लेखकाच्या मनातील नायक वृत्तपत्राच्या पानावर कधी उतरलाच नाही.

ह्या मालिका साहसकथा म्हणून यशस्वी झाल्या, पण हेरकथेचा गाभा त्यांत पातळ झाला. गुपिताची जागा पाठलागाने घेतली. ही घसरण चित्रमाध्यमात अटळ होती असे मात्र म्हणता येत नाही, आणि ह्याचा पुरावा एर्जेच्या ‘द कॅल्क्युलस अफेअर’ ह्या टिनटिनकथेत सापडतो. ती 1954 ते 1956 ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ध्वनिलहरींनी काच फोडणारे यंत्र बनविणाऱ्या प्रोफेसर कॅल्क्युलसला पळविण्यासाठी बोर्डुरिया आणि सिल्डाव्हिया ह्या दोन काल्पनिक देशांचे हेर झटतात. बोर्डुरियात मार्शलच्या मिशा हे राजचिन्ह आहे. हा विनोद उघड आहे आणि त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. महत्त्वाची आहे ती प्रोफेसरांची छत्री. यंत्राचे आराखडे छत्रीत असावेत ह्या समजुतीने सारे तिच्यामागे धावतात, आणि अखेरीस कळते की आराखडे घरीच राहिले होते. गुपित दडविण्याऐवजी एर्जेने गुपिताचे आवरण वाचकाच्या डोळ्यांसमोर सतत नाचवले आणि ते रिकामे ठेवले. कॅप्टन हॅडॉकला चिकटलेली औषधी पट्टी प्रवाशांतून फिरून पुन्हा त्याच्याकडेच येते, हे त्याच कथेतील एक प्रहसन. सरसकट ती निव्वळ गंमत मानली जाते. परंतु सर्वांच्या हातातून जाणारी आणि कोणालाच नको असलेली ती पट्टी छत्रीचीच उलटी प्रतिमा आहे. शेवटी प्रोफेसर स्वतः आराखडे जाळतात. बहिरेपणामुळे ज्याला आपल्याभोवतीचे बरेचसे राजकारण ऐकूच येत नाही, त्या माणसाच्या हातून हा निर्णय होतो, हे एर्जेचे मोठेपण.

हाच रिकामेपणा क्यूबन व्यंगचित्रकार अँटोनियो प्रोहियासने अधिक कठोरपणे हाताळला. क्यूबात त्याच्यावर सीआयएचा हस्तक असल्याचा आरोप झाला होता. 1960 साली तो न्यूयॉर्कला आला. इंग्रजी त्याला जवळजवळ येत नव्हते. जानेवारी 1961 च्या ‘मॅड’मध्ये त्याची ‘स्पाय व्हर्सेस स्पाय’ ही मालिका सुरू झाली. टोकदार तोंडाचे दोन हेर, एक काळा आणि एक पांढरा. रंग सोडला तर दोघांत तिळमात्र फरक नाही. शब्द नाहीत. एकाने सापळा रचावा, दुसऱ्याने तो ओळखून त्याच्यासाठी आधीच दुसरा सापळा रचलेला असावा, आणि अखेरच्या चौकटीत स्फोट.

चेहऱ्याची अडचण प्रोहियासने चेहरा पुसूनच सोडविली. शिल्लक राहिली ती हेरकथेची शुद्ध संरचना : कट, प्रतिकट, आणि ज्ञानात एक पाऊल पुढे असल्याचा भ्रम. कोणता देश, कोणते तत्त्वज्ञान, कोणती कागदपत्रे, ह्यांतले काहीही सांगितले जात नाही; तरीही वाचकाचे काही अडत नाही. काहीच अडत नाही हाच ह्या मालिकेचा अभिप्राय. ज्या नैतिक समानतेसाठी ल कारेच्या 1963 च्या कादंबरीची वाखाणणी होते, ती एका विनोदी नियतकालिकाच्या पानावर दोन वर्षे आधी अवतरली होती. ग्रॅहम ग्रीनच्या ‘अवर मॅन इन हॅवाना’ (1958) मध्ये धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या सुट्या भागांची चित्रे गुप्त शस्त्राचे आराखडे म्हणून खपतात, हेही येथे आठवावे. दोन कृतींत प्रभावाचे नाते जोडण्याचे कारण नाही. हॅवानाने एकाच दशकात दोन वेगळ्या माध्यमांना एकच विनोद सुचविला, एवढेच.

परंतु ह्या कठोरपणाची किंमतही आहे. प्रोहियासच्या जगात त्या दोघांखेरीज जवळजवळ कोणी राहत नाही. करड्या वेशातील एक स्त्री-हेर अधूनमधून येते आणि प्रत्येक वेळी जिंकते, तीही हेरच. स्फोटाच्या कक्षेत सापडलेला दुकानदार, शेजारी किंवा प्रोफेसर तेथे नाही. स्वतः हेरगिरीच्या आरोपाने देश गमावलेल्या माणसाने आपल्या चित्रातून बळी वगळावा, ह्यात संयम आहे की दुखरी जागा टाळणे आहे? मालिकेच्या बाजूने बोलायचे तर, बळी आला असता तर सहानुभूती आली असती आणि समतोल ढळला असता. विरुद्ध बाजूने, तो समतोल वाचकाला फार स्वस्तात हसू देतो. ह्या बाबतीत एर्जेचे पारडे जड आहे.

व्यंगचित्रपटांनी ह्याहून सोपा मार्ग धरला. 1959 पासूनच्या रॉकी आणि बुलविंकल ह्यांच्या मालिकेतील बोरिस व नताशा किंवा हॅना-बार्बेराची 1965 ची हेरखार ह्यांत उच्चारांची आणि उपकरणांची थट्टा आहे, आणि ती थट्टाच राहते. स्पेनमध्ये इबान्येझची ‘मोर्तादेलो ई फिलेमोन’ ही मालिका 1958 साली गुप्तहेरकथेचे विडंबन म्हणून सुरू झाली आणि 1969 मध्ये तिचे नायक ‘टी.आय.ए.’ ह्या संस्थेचे हेर झाले. स्पॅनिशमध्ये ह्या अक्षरांचा शब्द वाचला तर तो ‘मावशी’ किंवा ‘आत्या’ असा होतो. मराठी वाचकाला ह्या परंपरेतील फिल कॉरिगन ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे परिचयाचा झाला. तोपर्यंत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर मराठी वाचकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या होत्या. ती रहस्ये शब्दांनी राखलेली होती. चेहरा आधी आणि रहस्य नंतर, ही कॉरिगनची रीत त्या सवयीला परकीच होती.

‘स्पाय व्हर्सेस स्पाय’च्या शीर्षकापाशी ठिपके आणि रेघा असत. ती चित्रकाराची सही होती, मोर्स लिपीत लिहिलेली. शब्द वर्ज्य केलेल्या मालिकेत उरलेली ही अक्षरे संकेतलिपीत होती. आणि लिपीही अशी निवडलेली, की तारघरातल्या कोणाही कारकुनाला ती वाचता यावी.