सारख्या नोकऱ्या बदलणारा माणूस मुळातच 'तसा' असतो का?

मानसशास्त्र किंवा मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी.साठी विषय शोधत असाल, तर 'व्यक्तिमत्त्व आणि नोकरी बदलण्याची प्रवृत्ती' तुमच्या यादीत असण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या यादीत होता. म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी यातलं एक गाजलेलं संशोधन जरा खरवडून बघू.

एडविन घिसेली या अमेरिकन औद्योगिक मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये 'होबो सिंड्रोम'ची कल्पना मांडली. होबो म्हणजे कामासाठी गावोगाव भटकणारा मजूर. काही लोकांना ठरावीक काळाने नोकरी बदलायची ओढ आतूनच लागते, पक्ष्यांना स्थलांतराची लागते तशी, असं त्यांचं म्हणणं. टिमोथी जज आणि वातानाबे यांनी १९९५ मध्ये हे आकड्यांवर तपासलं. एकाच गटातल्या अमेरिकन तरुणांची वर्षानुवर्षं जमवलेली माहिती त्यांनी वापरली. ज्यांनी आधी जास्त नोकऱ्या सोडल्या, ते पुढेही सोडण्याची शक्यता जास्त निघाली.

आकडेवारीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर येणाऱ्या 'म्हणून'शी. मागचं वागणं पुढचं सांगतं, म्हणून कारण स्वभावातच? ज्याच्या बायोडेटावर चार नोकऱ्या दिसतात, त्याला पाचवीही कच्चीच मिळते, असंही असू शकतं. किंवा ते क्षेत्रच तसं असेल. तिन्ही शक्यतांत आकडे जवळपास सारखेच दिसतील. स्वभाव न मोजता उरलेल्या सगळ्याला स्वभाव म्हणणं ही पळवाट झाली.

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवलंय. चार वर्षांत तीन कॉलेजं. नेमणूकच वर्षापुरती, पुढच्या जूनमध्ये परत मुलाखत. नुसत्या नोकऱ्या मोजल्या तर मी पक्का होबो! माझ्यात कसली ओढबीढ नव्हती हो, वर्कलोड संपला होता.

हा घोळ वू यांच्या २०११ च्या अभ्यासात बराच सुटतो. किती वेळा नोकरी बदलली आणि बदलण्याबद्दल माणसाला काय वाटतं, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढल्यात. झिमरमन यांचं २००८ चं मेटा-विश्लेषण तर वाचाच. नोकरी सोडण्याच्या इराद्याशी सगळ्यात घट्ट नातं निघालं भावनिक स्थैर्याचं. प्रत्यक्ष सोडण्याशी मात्र सलोख्याने वागण्याच्या गुणाचं. म्हणजे इरादा मोजून 'सोडणं' मोजलं असं म्हणता येत नाही. आपल्याकडचे बरेच प्रबंध नेमकं हेच करतात, कारण गूगल फॉर्मवर इरादा दोन आठवड्यांत गोळा होतो आणि सोडून जाणाऱ्यांची वाट बघायला वर्षं लागतात.

निदान एक रकाना तरी वाढवा : मागची नोकरी कोणी संपवली, तुम्ही की त्यांनी? माझ्या पहिल्या मसुद्यात तो नव्हता. गाइडनी कागद परत देताना एवढंच विचारलं, "हा फॉर्म तू स्वतः भरून पाहिलास का?"