शिकवण्याचा इतिहास : कोणाच्या बाजूने?

शिक्षक व्हायला निघालेल्या आपल्या पोरांच्या वह्या उघडून बघा. विषय कसे शिकवत आले याचा इतिहास त्यात असतो. आधी घोकंपट्टी होती, मग इंग्रजी अंमल, मग माँटेसरी, मग कृतीतून शिक्षण. पद्धती एकीमागून एक सुधारत जातात. वाचून वाटतं, अडचण फक्त पद्धतीची होती. वर्गात कोण बसलं होतं आणि दाराबाहेर कोण उभं होतं, याची एक ओळ नाही.

माझा आक्षेप इथंच आहे. हा इतिहास खोटा नाही, अर्धा आहे. आणि अर्धा इतिहास नेहमी प्रस्थापितांच्या सोयीचा असतो.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मिळाला नाही. एकट्या पोरापायी बाकीची शाळा मोडेल, ही सरकारची सबब. पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेब पोचले, तर संस्कृत मिळालं नाही. अस्पृश्याला शिकवणार नाही म्हणून मास्तर अडले. फारशी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत शिकवण्याच्या इतिहासात भांडारकरांची पुस्तकं येतात, मग हा नकार का येऊ नये? कसं शिकवलं याच्या आधी कोणाला शिकवलं, हा प्रश्न येतो. विषयालाही जात होती, मित्रांनो.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे अभ्यासक्रमच मांडला. मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं ज्ञान, आरोग्य, नीती. चालू पुस्तकं कामाची नाहीत, ती नव्याने करा, म्हणाले. नांगर धरायची लाज वाटणार नाही असा मास्तर मागितला. पण वह्यांमध्ये फुले 'समाजसुधारक' या कप्प्यात. अध्यापनाच्या कप्प्यात त्यांना जागा नाही. हा कप्पा कोणी पाडला?

आता आपल्या पालघरकडे या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवलं. पोरं शाळेत येईनात तर शाळा कुरणात नेली. काम मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण पोर कुरणात का होतं? त्याच १९४५ साली याच पट्ट्यात वारली परुळेकर पती-पत्नीबरोबर वेठीविरुद्ध उठले होते. लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे राबणारे लग्नगडी मोकळे झाले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. बालशिक्षण एका पुस्तकात आणि बंड दुसऱ्या पुस्तकात, अशी वाटणी आपण का मान्य करायची? बापाची वेठ सुटल्याबिगर पोराचा हात पाटीला लागत नाही.

आणि बोईसर-तारापूर? तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. भूगोलात 'तारापूर – अणुवीज' अशी जोडी लावली की मार्क मिळाला. तिसऱ्या-चौथ्या युनिटपायी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, ती जोडी कोणी लावत नाही. एमआयडीसीत रसायनं बनतात. सांडपाण्याने खाडी नासल्याची तक्रार मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेली. आम्ल लिटमसला लाल करतं, हे पोर पाठ म्हणतं. त्याचा बाप त्याच आम्लाच्या पिंपांशेजारी पाळी भरतो. रसायनाच्या तासाला त्या बापाची आठवण निघत नाही. हा निव्वळ विसर म्हणायचा काय? पुस्तक कोणाच्या पोरासाठी लिहिलं, याचं ते उत्तर आहे.

म्हणून नुसता निषेध करून भागणार नाही. हा इतिहास आपण लिहायला घेतला पाहिजे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा : शाळेत कुठं बसायचा? कुठला विषय सुटला, कशापायी सुटला? पाटी, पुस्तक कोणी दिलं? गाव आणि साल घालून उत्तर लिहून घ्या. घराघरातली जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीत जाण्याआधी गोळा करा. तलासरीच्या वारली दोस्तांना आणि किनाऱ्यावरच्या मांगेल्यांना सोबत घ्या.

म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत. त्यांच्याबरोबर आपला पुरावाही चाललाय. तेव्हा येत्या रविवारपासूनच वही घेऊन निघा.