पानावरून हटवलेली नजर

मायकेल क्रायटन यांची ‘जुरासिक पार्क’ ही कादंबरी १९९० साली आली आणि तिच्यावरील स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा चित्रपट १९९३ साली. यंदा आमच्या विज्ञान मंडळाने तो मुलांना दाखवला; मीही मागे खुर्ची टाकून बसलो. या चित्रपटावरचा नेहमीचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे : राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातील रक्तापासून डायनोसॉर घडवता येणार नाही. आक्षेप खराच आहे. २०२२ साली ग्रीनलंडच्या गाळातून जो डीएनए वाचला गेला तो सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा; ते महाकाय प्राणी तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. पण कल्पितकथेला एवढी मोकळीक द्यायला माझी हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

नायिका एली सॅटलर ही पुरावनस्पतिशास्त्रज्ञ. जीपमध्ये तिच्या हाती एका नामशेष वनस्पतीचे पान येते. ती थक्क होऊन त्याविषयी बोलत असतानाच तिचा सहकारी ग्रँट तिचे डोके धरून वळवतो. समोर अजस्र डायनोसॉर! प्रसंग प्रभावी आहे, मुलांनी टाळ्याही वाजवल्या. पण पानाची कथा तिथेच संपली. पुढे वनस्पती येतात त्या मुख्यतः एका आजारी डायनोसॉरचे दुखणे शोधण्यासाठी, आणि डास उरतो रक्ताची कुपी म्हणून. वास्तविक नर डास रक्त पीतच नाही; तो फुलापानांच्या गोड रसावर जगतो. कीटक आणि वनस्पती यांचे हे पुरातन नाते लेखक-दिग्दर्शकांच्या अगदी हाताशी होते.

त्या नात्यात नाट्य नाही असे कोणी म्हणेल, तर तसे नाही. अश्मीभूत पानाच्या कुरतडलेल्या कडेला जाडसर किनार दिसली, तर ते जिवंत असताना खाल्ले गेले असे समजावे. जखम भरून काढणे मेलेल्या पानाला जमत नाही. नागमोडी रेघ म्हणजे पानाच्या आत राहून ते पोखरणाऱ्या अळीची वाट. लाबांदेरा, जॉन्सन आणि विल्फ या अभ्यासकांनी नॉर्थ डकोटातील १३ हजारांहून अधिक वनस्पती-जीवाश्म तपासून २००२ साली निष्कर्ष मांडला : डायनोसॉर संपले त्याच सुमारास विशिष्ट वनस्पतींवरच जगणाऱ्या कीटकांच्या खुणाही बहुतांशी नाहीशा झाल्या; मिळेल ते खाणाऱ्यांच्या मात्र टिकल्या. जर्मनीतील मेसल येथल्या ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या एका पानावर शिरांच्या दोन्ही बाजूंना चाव्याच्या खुणा आहेत. बुरशीने ताबा घेतलेल्या मुंग्या मरण्यापूर्वी पानाची शीर अशीच घट्ट धरतात. पानावर मुंगी नाही, बुरशी नाही. शेवटचा चावा तेवढा आहे. याहून भेदक शोकांतिका कोणत्या पडद्यावर पाहावी?

परंतु दिग्दर्शकाला दोष देताना मला माझीच आठवण झाली. पानांच्या संग्रहवह्या तपासताना भोक पडलेल्या पानाला मी वर्षानुवर्षे गुण कापत आलो. “चांगलं पान मिळालं नाही का रे?” असे विचारत आलो. जीवाश्म गोळा करणाऱ्यांनीही एके काळी अखंड पानेच निवडली आणि फाटकी टाकून दिली. त्यांच्याबरोबर किती कीटकांचा इतिहास गेला असेल!

ग्रँटने एलीची मान एकदाच वळवली. मी मुलांच्या माना रोज वळवत होतो. यंदा वह्या आल्या तेव्हा एका मुलीचे करंजाचे कुरतडलेले पान मी वर्गात सर्वांना दाखवले आणि विचारले, “हे कोणी खाल्लं असेल?”