'देवराई' : रान दिसलं, माणूस राहिला

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'ला (२००४) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो पर्यावरण रक्षणाच्या विभागात. चित्रपट मात्र शेष नावाच्या तरुणाच्या स्किझोफ्रेनियाचा. रान दिसलं, माणूस बाजूला राहिला. आम्हांला याचं नवल वाटलं नाही. सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळच्या आमच्या इस्लापुरातही कुणाच्या डोक्यात फरक पडला की साया, नजर, करणी सगळं दिसतं. आजार तेवढा दिसत नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसं. वेडाचा विषय निघाला की मंटोची 'टोबा टेक सिंह' आठवते. पागलखान्यातला बिशन सिंह म्हणजे फाळणीला केलेला सवाल, शहाण्यांच्या अकलेला टोला, असं आम्ही सांगत आलो. ते खरंच आहे. पण पंधरा वर्षं उभं राहून सुजलेले त्याचे पाय दुखत असतील, हे कधी मनात आलं नाही. 'देवराई'त रूपक आहे ते रानाचं. शेष मात्र आजारी माणूसच राहतो. अतुल कुलकर्णींचं काम उत्तम आहेच. आम्हांला मोठी वाटली ती सोनाली कुलकर्णींची बहीण. भावावर तिचा जीव आहे आणि त्याच्यापायी तिचं घर डळमळतंय. ती थकते, चिडते. रुग्णाच्या घरच्यांना चिडण्याची मुभा आपल्या कथा क्वचितच देतात.

तक्रार एकच. ही मंडळी डॉक्टरपर्यंत फार लवकर पोहोचतात. आमच्याकडे आधी आमिल, तावीज, मग दर्गा. नांदेडचा डॉक्टर शेवटी, तोही शेजाऱ्यांना 'लग्नाला चाललो' असं सांगून. चित्रपटाच्या तीनच वर्षं आधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. दुआ मागण्यात वावगं काहीच नाही. साखळी म्हणजे दुआ नव्हे. ती बंद करणारा कायदा २०१७ साली झाला. 'देवराई'त ही वाट कुठेच येत नाही.

मागे आमच्या वर्गातला एक मुलगा बोलेनासा झाला. शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात आम्ही पास झालेलो. त्याला आळशी ठरवलं, उभं राहायला सांगितलं. तास संपेपर्यंत तो उभाच होता. 'देवराई' आम्ही पाहिला तो त्यानंतर.