मार्क टू

परीक्षेत मार्क जास्त पडले की पोरगं हुशार समजतात. पण कॅमेऱ्याच्या नावापुढे ‘मार्क टू’ लागलं, तर त्याला किती हुशार समजावं? पेणला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका पोराकडे कॅननचा एम ५० विकायला होता आणि रोह्याच्या एका गृहस्थांकडे त्याचाच धाकटा भाऊ, एम ५० मार्क टू. दोन्ही वापरलेले, दोन्ही धडधाकट. रोहेकरांचा भाव चढा. फरक एवढा, की त्यात एखादी वापरलेली लेन्स यावी.

हे कॅमेरे मिररलेस, म्हणजे पोटातला आरसा काढून टाकलेले. म्हणून अंगानं आटोपशीर. आमच्या घरात आरशासमोर जाणारा वेळ पाहता ही कल्पना मला फार पूर्वीच सुचायला हवी होती.

मी कॉमर्सचा पदवीधर. दोन खातेवह्या शेजारी ठेवून टिका मारत जाणं एवढीच माझी समीक्षा. पहिला २०१८ सालचा, दुसरा २०२० सालचा. सेन्सर २४.१ मेगापिक्सेल, टिक. प्रोसेसर डिजिक ८, टिक. वजन बॅटरी आणि कार्डासकट ३८७ ग्रॅम, टिक. (दोन वर्षांत आमच्या कॅशियरचंसुद्धा वजन इतकं स्थिर राहिलेलं नाही.) फोर-के व्हिडिओ दोघांतही, आणि दोघांतही कडा छाटलेला. बँकेत याला आम्ही मुदत ठेवीचं नूतनीकरण म्हणतो: रक्कम तीच, पावती नवी. फक्त आम्ही त्यासाठी ग्राहकाकडून जादा पैसे घेत नाही.

आता न्यायानं बोलायचं, तर धाकट्यात काही सुधारणा खऱ्या आहेत. बॅटरी तीच असून थोरला एका चार्जवर २३५ फोटो काढतो, धाकटा ३०५. व्हिडिओ उभा घेता येतो. आणि हलत्या माणसाचा डोळा धाकटा जास्त चिवटपणे धरून ठेवतो, व्हिडिओतसुद्धा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात. त्या गर्दीत पालखीच्या भोयाचा चेहरा टिपायचा असेल, तर मी डोळे मिटून मार्क टू घ्या म्हणेन.

पण मला फोटो काढायचे होते पेणला, गणपतीच्या कारखान्यात. माझे मामा डोळ्यांची आखणी करतात. रंगकाम पोरं स्प्रेनं उरकतात, डोळे मात्र मामांकडे. आता वय चौऱ्याहत्तर. हात सकाळचे दोन तास स्थिर असतो, मग कापतो. ‘पुढच्या सीझनला बघू,’ असं ते या वर्षी पहिल्यांदाच म्हणाले. घरात त्यांचे लग्नातले फोटो आहेत, आधार कार्डावरचा आहे, हातात ब्रश असलेला एकही नाही. जिथे डोळा अजून आखलेलाच नाही, तिथे डोळे शोधणारं यंत्र काय शोधणार? मला हवा होता ट्यूबलाइटच्या उजेडात स्पष्ट येणारा हात.

तेव्हा प्रश्न लेन्सचा होता. कॅननची २२ मिलिमीटर, एफ २ ही छोटी लेन्स २०१२ सालची, आणि ती दोघांनाही बसते. बरोबर मिळणाऱ्या १५-४५ च्या लेन्सपेक्षा ती किमान तिप्पट उजेड आत घेते. जो फरक मार्क टूनं दोन वर्षांत पाडला नाही, तो ती पाडते.

रोहेकर म्हणाले, ‘अहो, नवं मॉडेल पुढे उपयोगी पडतं.’ पुढे म्हणजे कुठे? या घराण्याचा वंश तिथेच खुंटला. कॅननच्या २०२३ सालच्या आर ५० ला लेन्स बसवायचं तोंडच वेगळं. या लेन्स त्याला लागत नाहीत. धाकटा घेतला काय, थोरला घेतला काय, दोघांच्याही मागे रडायला कोणी नाही.

मी पेणचा थोरला घेतला आणि उरलेल्या पैशांत ती लेन्स. चार सकाळी कारखान्यात बसून काढलेले फोटो मामांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा नाकाजवळ नेला, स्वतःच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘ही उजवी पापणी जाड आलीय,’ ते म्हणाले. ‘मूर्ती गेली का रे? नाही ना? मग ब्रश दे इकडे.’